गुडघ्यातला उंदीर

माझ्या गुडघ्यात उंदीर शिरलाय, हे मी जेवता जेवता सांगितलं. आई हसली, आत्या ठसका लागेपर्यंत हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "फोटोत नाही."

संपला विषय. आमच्या घरात जे फोटोत नाही ते जगात नाही. बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. तळमजल्याच्या टोकाला जाड दाराची खोली, दारावर लाल दिवा आणि आत बाबा. सगळे त्यांना फोटोवाले म्हणायचे. छातीचा फोटो, मणक्याचा फोटो, मोडलेल्या हाताचा फोटो. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते. झोपेतही म्हणायचे. आई सांगायची की रात्री हे "धरून ठेवा" म्हणतात आणि "सोडा" म्हणायला विसरतात, मी गुदमरून उठते.

त्या फोटोंवर त्यांची भारी श्रद्धा. डॉक्टर चुकेल, पेशंट खोटं बोलेल, फिल्म खोटं बोलणार नाही. आणि खोटं बोलणाऱ्यांत घरचा पहिला नंबर माझा.

हॉस्पिटलात मला बंडल म्हणायचे, कारण मी बंडलं मारायचे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. चांगली थाप मारायला डोकं लागतं आणि ते मला होतं. वर्गात मी सांगून ठेवलं होतं की माझे बाबा माणसाच्या आत बघतात आणि खोटं बोलणाऱ्याच्या छातीत त्यांना काळा डाग दिसतो. अर्धा वर्ग आठवडाभर खरं बोलत होता. बाईसुद्धा माझ्याशी जरा जपून वागायच्या. एकदा धावण्याच्या शर्यतीतून सुटायला मी पायाला पट्टी गुंडाळून लंगडले. सकाळी डाव्या पायाला, संध्याकाळी उजव्या. ते आत्याने पकडलं आणि तेव्हापासून माझं कुठलंही दुखणं निघालं की ती विचारायची, "आज कुठला पाय, बंडल?"

तर अशा पोरीने गुडघ्यात उंदीर म्हटल्यावर कोण ऐकणार?

पण उंदीर होता.

झालं होतं असं. शाळा सुटली की बाबांची ड्युटी संपेपर्यंत मी हॉस्पिटलातच असायचे. तिथे मागच्या बाजूला स्ट्रेचर आणायचा एक लांब उतार होता, खाली सपाट होऊन भिंतीशी वळणारा. उतार आणि चाकाच्या खुर्च्या एकाच इमारतीत ठेवायच्या आणि पोरांनी शर्यत लावायची नाही, हे ज्याने ठरवलं तो माणूस कधी लहान नव्हताच. हाडांच्या वॉर्डातला एक प्लास्टरवाला पोरगा आणि मी. मी जिंकत होते. वळणावर ब्रेक ओढला तर ब्रेक हातात आला. मी खुर्चीतून उडाले, पाय मागे मुरगळला आणि गुडघ्याची वाटी बाजूला सरकून पुन्हा जागेवर बसली. कट्ट असा आवाज आला. तो आवाज मी अजून कानात ठेवलाय.

त्याच संध्याकाळी बाबांनी फोटो काढला. समोरून, बाजूने, वाकवून, वाटीचा वेगळा. चारही फिल्म पेटवलेल्या दिव्यावर लावल्या आणि छाती फुगवून म्हणाले, "पुस्तकात छापावा असा गुडघा आहे. उठ."

मी उठले. सूज उतरली. आणि मग तो सुरू झाला.

चालता चालता पाय अडकायचा. वाकलेला असेल तर वाकलेलाच. दाराच्या फटीत चप्पल अडकली की दार कसं ना पुढे ना मागे, तसा. मग मी बसून पाय जरा इकडेतिकडे हलवायचे, आत काहीतरी सुर्रकन सरकायचं आणि पाय मोकळा. कधी वाटीच्या वर बोटाला गोटीसारखं लागायचं. "आई, हात लाव, लवकर," म्हणेपर्यंत पळालेलं. पकडू गेलं की पळतं, अंधारात बसतं, नको तेव्हा दारात येतं. याला उंदीर नाही तर काय पोपट म्हणायचं?

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरने गुडघ्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे तर नाहीच. बाबांना विचारलं, "वय काय?" आणि म्हणाला, "वाढीचं दुखणं." आता मोठी झाल्यावर सांगते. वाढीचं दुखणं असतं, नाही असं नाही. पोटऱ्या दुखतात, मांड्या दुखतात, चोळलं की बरं वाटतं. पण ते दुखणं पाय कुलूप लावल्यासारखा बंद करून ठेवत नाही. हे कळायला शिक्षण लागत नाही, पोराला एक प्रश्न विचारावा लागतो. तेवढंही जड जातं लोकांना. मुलगा लंगडला तर "मॅच कधी आहे?" मुलगी लंगडली तर "परीक्षा कधी आहे?"

आत्याचं निदान वेगळं होतं. "हिची अक्कल पहिल्यापासून गुडघ्यात. तीच हलत असेल."

"मग तुमच्यापेक्षा बरी," मी म्हटलं. "माझी हलते तरी."

त्या रात्री मला जेवण उशिरा मिळालं आणि आत्याने शिस्तीच्या वसतिगृहाचा विषय काढला. तिच्या ओळखीचं होतं. पहाटे उठवतात, गार पाण्याने आंघोळ घालतात आणि थापा मारणाऱ्याशी महिनाभर कुणी बोलत नाही. "दादा, मी चौकशी करून ठेवलीय," ती बाबांना म्हणाली. बाबा नाही म्हणाले नाहीत. मला खरी भीती तिथे वाटली. गार पाण्याचं काही नाही. पण जिथे मला कुणी ओळखतच नाही, तिथे थाप तरी कुणाला मारायची?

मग एक दिवस हॉस्पिटलच्या जिन्यातच गुडघ्याचं दार बंद झालं. एक पाय वरच्या पायरीवर, तो वाकलेला, आणि तसाच. मी कठडा धरून उभी. बाबा खालून म्हणतायत, "चल. नाटक पुरे. लोक बघतायत."

लोकांत एक बाई होत्या. हिरव्या कपड्यांत, डोक्याला टोपी, हातात अर्धं खाल्लेलं केळं. त्यांना हॉस्पिटलात दुर्बीणबाई म्हणायचे, कारण त्या सांध्याला दोन भोकं पाडून दुर्बिणीने आत बघायच्या. त्यांनी केळं बाबांच्या हातात दिलं आणि माझ्यासमोर पायरीवर बसल्या.

"सरळ होत नाही?"

"नाही."

"दुखतंय की अडकलंय?"

एवढ्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. "अडकलंय," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. त्याचा मला भयंकर राग आला.

"डॉक्टर, तिचा फोटो मी स्वतः काढलाय," बाबा केळं धरून म्हणाले. "स्वच्छ आहे."

"फोटोवाले, तुमचा फोटो चांगलाच असणार," बाई म्हणाल्या. "पण आत्ता हिला विचारतेय ना मी? हं, बोल. काय आहे आत?"

मी बाबांकडे बघितलं. ते मान हलवत होते, नको नको म्हणून.

"उंदीर," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "कधी इथे, कधी तिथे?"

"हो."

"हात लावला की पळतो?"

"हो!"

"मग बरोबर आहे. आम्हीही त्याला उंदीरच म्हणतो. सांध्यात तुकडा सुटा होऊन फिरायला लागला की त्याचं आमच्यातलं जुनं नाव तेच."

आता गंमत बघा. आयुष्यभर थापा मारणारी मी, माझाच त्यांच्यावर विश्वास बसेना. एवढी मोठी डॉक्टर, लहान पोरीला बरं वाटावं म्हणून किती सफाईने थाप मारते! मी आदराने बघत राहिले. बाबांनाही तेच वाटलं. "डॉक्टर, प्लीज तिला चढवू नका," ते कळवळून म्हणाले. "आधीच ती..."

"जुन्या पुस्तकात छापलंय. येऊन बघा माझ्या खोलीत."

बाबा गेले. पुस्तक बघितलं. बाहेर आले तेव्हा केळं अजून हातात होतं.

मग बाईंनी गुडघा तपासला, वाकवून, पिळून, वाटी ढकलून. वाटी बाजूला ढकलल्यावर मी किंचाळले तर म्हणाल्या, "छान." डॉक्टर लोकांचं छान वेगळं असतं. मग मोठ्या मशीनमधे, त्या ठकठक करणाऱ्या बोगद्यात पाठवलं. हलू नकोस, असं सगळ्यांनी बजावलं. पण ते मशीन असं वाजतं की पाय आपोआप ताल धरतो. फोटो हलला. रिपोर्ट आला की पाणी साचलंय, संशय आहे, नक्की सांगता येत नाही.

बाबांना उंदराचं काही नाही, फोटो हलल्याची लाज वाटली. "फोटोवाल्याच्या मुलीचा फोटो हलला!" असं ते चार-पाच वेळा स्वतःशी म्हणाले.

"पुन्हा काढू?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा ताल धरेल," दुर्बीणबाई म्हणाल्या. "आणि पाय रोज कुलूपबंद होतोय. लहान मुलांचं हे असंच असतं. कुर्चा, म्हणजे हाडावरचा तो मऊ गुळगुळीत थर, त्यांच्यात जाड. तुकडा नुसत्या कुर्चेचा असेल तर एक्स-रेत येत नाही. बरं, पोरांना नीट सांगता येत नाही, सांगितलं तर कुणी ऐकत नाही. म्हणून आत जाऊन बघते. बघता बघता काढताही येतो. पण एक सांगून ठेवते," आणि हे त्या मला म्हणाल्या, बाबांना नाही, "उंदीर नसूही शकतो. तसं झालं तर मी तसंच सांगेन. तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, मेले.

घरी जाताना बाबांनी शांतपणे अट घातली. मला त्यांचा आरडाओरडा परवडायचा, शांतपणा नाही. "निघाला तर मी तुझी माफी मागेन. नाही निघाला तर वसतिगृह. आणि तोपर्यंत उंदीर हा शब्द माझ्या घरात नको."

आईने कुणाचीच बाजू घेतली नाही. ती घरात कपडे शिवायची, आणि प्रत्येक गोष्ट कापडावर नेऊन ठेवल्याशिवाय तिला कळत नसे. तिने दुर्बीणबाईंना एकच विचारलं होतं, "भोकं केवढी?"

"शर्टाच्या काजाएवढी. दोन."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "काजाला मी घाबरत नाही. उसवण्याला घाबरते."

आता भूल. लहान पोरांना पूर्ण झोपवतात. पण मी झोपणार नव्हते. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी आले, गोल चेहऱ्याचे, सगळ्यांना "राजा" म्हणणारे.

"काय राजा, मस्त झोप काढायची ना?"

"नाही. मी झोपले आणि तुम्ही बाहेर येऊन काहीच नव्हतं म्हणालात तर? मला साक्षीदार पाहिजे."

"कोण साक्षीदार?"

"मी."

ते पोट धरून हसले. मग दुर्बीणबाईंशी बोलले, माझ्या वयाला चालतं म्हणाले, कमरेखालीच बधिर करू, पण रडलीस किंवा हललीस तर त्याच क्षणी झोपवणार. मी म्हटलं, हलायला पाय माझा असायला हवा ना. बाबांनीही परवानगी काढली. म्हणे, हॉस्पिटलचाच माणूस आहे, कोपऱ्यात उभा राहीन. त्यांनाही साक्षीदार हवा होता. आमच्या घरात कुणाचा कुणावर म्हणून विश्वास नाही.

सकाळी मला आत नेलं. खोली अशी गार, जणू पेशंटला नासण्यापासून वाचवायचंय. पाठीत सुई टोचली. आधी पाय गरम झाले, मग जड झाले, मग दुसऱ्याच कुणाचे झाले. मांडीला पट्टा आवळला, वर मिठाच्या पाण्याच्या मोठ्या पिशव्या टांगल्या, माझ्या पोटावर हिरवा पडदा उभा केला. कोपऱ्यात बाबा, शिशाचा जड एप्रन घालून. एक्स-रेचं मशीन तिथे सुरूच नव्हतं. भीती वाटली की माणूस ओळखीचं काहीतरी अंगावर घालतो.

आणि माझ्या डोक्याशी टीव्ही.

आधी नुसता पांढरा धुरळा. मग पाणी निवळलं, आणि आत गुहा दिसली. पांढरी, चकचकीत, ओली. कडेने केसासारखे गुलाबी धागे पाण्यात डुलत होते. मी तेरा वर्षं ज्यावर धावले, ज्यावर पडले, ज्यावरून आत्याच्या शिव्या खाल्ल्या, ते हे. इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

"ही मांडीच्या हाडाची टोकं," दुर्बीणबाई सांगत होत्या. हात पडद्यापलीकडे, आवाज अलीकडे. "छान. ही गादी, दोन हाडांमधली. फाटली नाहीये. छान. ही आतली दोरी. घट्ट. छान."

प्रत्येक छानबरोबर वसतिगृह जवळ येत होतं. मी जगातली पहिली पोरगी असेन जी आपल्या गुडघ्यात काहीतरी बिघाड निघू दे म्हणून हात जोडत होती. कोपऱ्यातून बाबा खाकरले. खाकरणं ओळखीचं होतं. त्याचा अर्थ 'मी म्हटलं होतं.'

"गुडघा चांगला आहे हो," भूलवाले म्हणाले.

"आहेच," बाई म्हणाल्या. "आता वाटी बघू. खालून."

दुर्बीण वर वळली. वाटीची खालची बाजू आली, छतासारखी. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एका कडेला अचानक खडबडीत, खाली लालसर.

बाई थांबल्या.

"टवका उडालाय," त्या म्हणाल्या.

चिनी मातीच्या वाटीचा उडावा तसाच टवका होता. बाबा कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आले.

"टवका उडाला म्हणजे..." मी म्हटलं.

"म्हणजे तुकडा कुठेतरी आहे. घराबाहेर तर गेला नसणार. चला, बाजूच्या गटारात बघू."

"माझ्या गुडघ्यात गटार आहे?"

"दोन आहेत. सगळ्यांच्याच असतात. आम्ही त्यांना तेच म्हणतो."

"डॉक्टरांना शिकवताना मराठीच्या बाई नव्हत्या का?"

"तोंड बंद राजा," भूलवाले म्हणाले.

एक गटार रिकामं. दुर्बीण वर गेली, वाटीच्या वरच्या पिशवीत. रिकामी. दुसऱ्या गटाराकडे वळली. धागे डुलले, पाणी गढूळ झालं, निवळलं. काही नाही. बाईंनी बाहेरून गुडघा दाबला, पुन्हा बघितलं. काही नाही. मला गार पाण्याच्या आंघोळीचा वास येऊ लागला.

तेवढ्यात टीव्हीच्या कडेने काहीतरी पांढरं झर्रकन गेलं.

बाईंची नजर त्या क्षणी पाण्याच्या नळीकडे होती, माझी डोळ्यांतल्या पाण्यामुळे कुठेच नव्हती. पण एका माणसाने सगळी हयात पेटवलेल्या दिव्यावर सावल्या शोधण्यात घालवली होती. तो शिशाच्या एप्रनसकट उडी मारून पुढे आला आणि सगळ्या हॉस्पिटलला ऐकू जाईल असा ओरडला,

"उंदीर! उंदीर! तिकडे, तिकडे गेला! गटारात शिरला! पकडा!"

यापुढचं मी नंतर जोडून घेतलंय, कारण माझं लक्ष टीव्हीवर होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या सिस्टरने फोटोवाल्यांचा आवाज ओळखला. फोटोवाले म्हणजे हॉस्पिटलातला सगळ्यात शांत, सगळ्यात खरा माणूस. हेच मी ओरडले असते तर ती जागची हललीही नसती. पण फोटोवाले म्हणतायत ऑपरेशनच्या खोलीत उंदीर, म्हणजे उंदीर. तिने स्टुलावर चढून घंटीच दाबली. सफाईचा मुकादम काठी आणि पिंजरा घेऊन धावला. शेजारच्या खोलीतली ऑपरेशनं थांबवली. कुणीतरी सांगितलं एक आहे, पुढच्याने सांगितलं पिल्लं घातलीत. स्वयंपाकघरापर्यंत बातमी पोचली तेव्हा उंदराने एका पेशंटचा गुडघा खाल्ला होता.

आणि आत, गटाराच्या कोपऱ्यात, तो बसला होता. पांढराशुभ्र, कडा घासून गोल झालेला, पाण्याच्या धारेत थरथरणारा. दुसऱ्या भोकातून बारीक चिमटा आला. उंदीर निसटला. चिमटा पुन्हा आला. "पाणी बंद," बाई म्हणाल्या. पाणी थांबलं, उंदीर थांबला, आणि चिमट्याने त्याची मान धरली.

"आता सोडू नका," बाबा कुजबुजले. "धरून ठेवा."

माझं काज जरा ताणून तो बाहेर आला. बाईंनी तो माझ्यासमोर धरला. शर्टाच्या बटणाएवढा.

"हा परत नाही का चिकटवायचा?" मी विचारलं.

"फार दिवस फिरलाय. कडा झिजल्या, जागेवर बसणार नाही. उडालेली जागा मी साफ करते, ती भरत येईल." मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "हिला लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. एप्रनच्या आत बाबा लहान झाल्यासारखे दिसले. मला वाटलं होतं मजा येईल ते बघताना. थोडीच आली.

वॉर्डात आत्या वाट बघत होती. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत घालून दिलेला तुकडा तिने उजेडाकडे धरला, उलटा केला, नाक मुरडलं. "एवढा डोंगर पोखरून शेवटी उंदीरच निघाला."

"उंदीरच काढायचा होता, आत्या."

तिने बाटली खाली ठेवली. हा दिवस मी विसरणार नाही. आईने पट्टीच्या खालचे टाके बघितले, काज दोन आणि बटण एक आहे अशी खात्री करून घेतली आणि म्हणाली, "तुटलेलं बटण खिशात फिरत होतं आणि आपण खिसा बाहेरून बघत होतो."

मग शिपाई आला. फोटोवाल्यांना मोठ्या साहेबांनी बोलावलंय. ऑपरेशनच्या खोल्या बंद, मुकादम पिंजरे लावून बसलाय, आणि पहिली बोंब तुम्ही मारली म्हणतात.

बाबा गेले आणि उतरल्या चेहऱ्याने परत आले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मी सांगितलं, साहेब, उंदीर होता, पण माझ्या मुलीच्या गुडघ्यात होता." बाबा खुर्चीत बसले. "म्हणाले, फोटोवाले, तुमची मुलगी थापा मारते हे माहीत होतं. आता तुम्हीसुद्धा?"

मी हसू दाबायला उशी तोंडात कोंबली. आत्याने दुसरी उशी घेतली.

"विश्वासच ठेवत नाहीत," बाबा म्हणाले, लहान पोरासारखे. "मी खरं सांगतोय आणि विश्वासच ठेवत नाहीत!"

"कसं वाटतं?" मी विचारलं.

बाबा उठले, चाकाची खुर्ची आणली, मला उचलून तीत बसवलं, पाय सरळ ठेवून खाली फळी लावली आणि बाटली माझ्या मांडीवर दिली. "चल. पुरावा काढू."

लाल दिवा लागला. बाटली टेबलावर, मी काचेमागे बाबांच्या शेजारी. सवयीने ते बाटलीला म्हणाले, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." फिल्म आली. त्यांनी ती पेटवलेल्या दिव्यावर लावली.

बाटलीची कड दिसत होती. झाकणाचे आटे दिसत होते. आत काहीच नव्हतं. स्वच्छ. पुस्तकात छापावा असा फोटो.

बाबांनी बाटली हातात घेतली. हलवली. आत उंदीर टकटक वाजला. फिल्मकडे बघितलं. पुन्हा बाटली हलवली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

"फोटोत नाही," शेवटी मीच म्हटलं.

"आहे," बाबा म्हणाले. "फोटोत नाही. पण आहे." मग माझ्याकडे न बघता, दिव्याकडे बघत म्हणाले, "तू म्हणत होतीस. चुकलो मी."

त्यांनी फिल्म काढली आणि मला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी फिल्म खिडकीकडे धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"यात तर काहीच नाही, फोटोवाले."

"तेच दाखवायला आणलंय, साहेब," बाबा म्हणाले, आणि बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून हलवली.

बाहेर मुकादमाचा पिंजरा खडखडला. तिथे खरोखरचा एक उंदीर सापडला होता, पण ती वेगळी गोष्ट, आणि तिच्यावर मात्र कुणीच विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. वसतिगृहाचा विषय कुणी काढला नाही. आत्याने फक्त विचारलं, "आता कुठला पाय?" आणि मी बोट दाखवल्यावर त्याच पायाखाली उशी सरकवली. पुढच्या दाराशी कुणाची तरी गाडी आडवी उभी होती, म्हणून बाबांनी मला मागच्या बाजूने नेलं. तोच उतार. खुर्चीही तीच होती, ब्रेक नवीन. बाबा पावलापावलाने उतरवत होते, दोन्ही हातांनी घट्ट धरून. खाली, जिथे उतार संपून सपाट व्हायला लागतो, तिथे ते थांबले. मागे बघितलं. पुढे बघितलं. कुणी नव्हतं.

"श्वास घे," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी घेतला.

"धरून ठेव."

मी खुर्चीचे हात धरले.

"सोडा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सोडलं.